नफा झाला, पण पैसे कुठायत?

मागच्या भागानंतर एकाने मेसेज केला: 'दादा, ऑर्डरी आहेत, नफाही दिसतोय, मग महिनाअखेरीला खातं रिकामं का?' वाचलं आणि मला आमची पहिली दिवाळी आठवली.

पुण्यात मी आणि आई फराळ करून विकायचो. एका कंपनीची ऑर्डर आली. 400 बॉक्स, 350 रुपयांना एक. म्हणजे 1,40,000. खर्च 1,05,000. आम्ही शेजारी पेढे वाटले, खरंच! आता बघा हं. बेसन, तेल, डबे, सगळं रोखीनं. चकल्या पाडायला येणाऱ्या मावशींची मजुरी रोजच्या रोज. आणि कंपनीचे पैसे? 'अकाउंट्सला पाठवलंय' ऐकत फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात आईच्या पाटल्या गहाण. वहीत नफा 35,000, आणि खिशातून गेलेले 1,05,000.

तर नफा बिल फाडलं की दिसतो, रोकड मात्र पैसे आल्यावरच. ह्या दोन तारखांमध्ये जे दिवस जातात ना, त्यात चांगले धंदे बसतात. ऑर्डर मोठी झाली की खड्डाही मोठा होतो. 800 बॉक्स असते तर 2,10,000 अडकले असते. त्यात जीएसटी नंबर असेल तर बिलावरचा कर वेळेवर भरावा लागतो, गिऱ्हाइकानं पैसे दिलेले असोत वा नसोत.

मला तेव्हा एक गोष्ट माहीतच नव्हती. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय 2023 च्या बजेटनंतर अशी थकवलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत कंपनीला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे मार्च आला की अकाउंट्सवाले कधीकधी स्वतःहून फोन करतात!

ह्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती माल देण्याआधीच करून ठेवा. आधार-पॅनवर मोबाइलवरूनच होते आणि फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही. पैसे अडकले तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण खरं सांगू? तक्रार केली की ते गिऱ्हाईक बहुतेक गेलंच. म्हणून मला ॲडव्हान्स जास्त भरवशाचा वाटतो.

पुढच्या दिवाळीला मी निम्मे पैसे आधी मागितले, बिलावर उद्यम नंबर छापला. त्या कंपनीनं ऑर्डरच दिली नाही. दुसऱ्या दोघांनी दिली, 120 आणि 90 बॉक्स. धंदा निम्म्यावर आला, पण पाटल्या आईच्या हातातच राहिल्या.