केडगावची आग आणि बारामतीचं पुस्तक

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत एक वाद अधूनमधून ताटावर येतो. थोरली माणसं जुन्या मंडळीतली. रविवारी प्रभुभोजन, चार गीतं, वचनावर संदेश, की घरी. धाकटी सून किंवा पुतण्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला जाणारा. तिथे ढोलकी-कीबोर्डाच्या साथीत सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, कुणी अन्यभाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या बोलीत, बोलू लागतो, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात, मग साक्षी होतात. थोरले म्हणतात, ही दानं प्रेषितांबरोबर संपली. धाकटे विचारतात, मग देव बदलला का?

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात रोग बरे करणं, अद्भुत कृत्यं, संदेश, भाषा, भाषांचा अर्थ सांगणं अशी कृपादानं मोजली आहेत. ती आज चालू आहेत की बंद, एवढाच प्रश्न. त्याची दोन्ही उत्तरं शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात, जवळजवळ एकाच दशकात येऊन बसली.

पहिलं उत्तर केडगावचं. पुणे-दौंड रेल्वेवरच्या या गावी पंडिता रमाबाईंनी १८९८ मध्ये मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुली-बायकांनी ते भरलं. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी आध्यात्मिक जागृतीसाठी प्रार्थना करायला मुलींना बोलावलं तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी रोज दोनदा जमू लागल्या. वेल्समधल्या १९०४ च्या आणि खासी टेकड्यांतल्या जागृतीच्या बातम्या इथे पोचल्या होत्या. त्याही आधी, १९०३ च्या सुमारास, रमाबाईंनी मुलगी मनोरमाबाई आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना अशीच जागृती पाहायला ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं. जूनच्या अखेरीस एका पहाटे एका मुलीला आपल्या अंगावर आग उतरल्याचं जाणवलं. शेजारच्या मुलीला ती आग दिसली म्हणे, आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. परत येते तो काहीच पेटलेलं नव्हतं. पुढचे काही महिने रडणं, थरथरणं, पापांची उघड कबुली आणि शेकडो आवाजांची एकत्र प्रार्थना यांनी मुक्ती सदन दुमदुमत राहिलं. १९०६ मध्ये मुली अन्यभाषा बोलू लागल्याच्या बातम्या बाहेर आल्या.

ही दानं आजही चालू आहेत असं मानणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सांगताना लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभांपासून सुरुवात करायची रीत आहे. त्या सभा एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाल्या. केडगावची आग त्याआधीची. मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये पवित्र आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्यावर पुस्तक लिहिलं. ते चिलीतल्या व्हाल्पाराइसोला गेलं, कारण तिथल्या मेथॉडिस्ट पाळकाची, विलिस हूवरची, बायको अब्राम्सबाईंची जुनी वर्गमैत्रीण होती. १९०९ ची चिलीतली पेंटेकॉस्टल जागृती या पुस्तकाचं ऋण मानते. दौंड तालुक्यातल्या एका गावाने दक्षिण अमेरिकेला दिलेली ही चालना पुणे जिल्ह्याच्या इतिहासात कुणी फारशी नोंदत नाही.

आता पुराव्याकडे. दौंडला मुलांचा आश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन मुक्तीत आले असता त्यांनी इंग्रजी न येणारी एक मुलगी स्वच्छ इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकली, आणि तसं लिहून ठेवलं. त्यांच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. पण मुक्तीत परदेशी बायका राहत होत्या, इंग्रजी प्रार्थना मुलींच्या कानांवर पडत होत्या. त्यामुळे हा पुरावा दिसतो तितका भक्कम नाही. अमेरिकेहून कोलकात्याला आलेले पेंटेकॉस्टल प्रचारक आल्फ्रेड गार यांना तर आपल्याला दान म्हणून बंगाली मिळाली आहे असंच वाटत होतं. १९०७ मध्ये ऐकणाऱ्यांना ती कळली नाही, तेव्हा त्यांनी श्रद्धा सोडली नाही, अर्थ बदलला. अन्यभाषा म्हणजे परकी मानवी भाषा नव्हे, देवाशी बोलण्याची भाषा, असं पुढे बहुतेकांनी धरलं. विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवलं की अशा बोलण्यातले ध्वनी बहुतांशी बोलणाऱ्याच्या परिचयाच्या भाषांतलेच असतात. ज्याला प्रार्थनाच करायची आहे त्याचं यात काही अडत नाही. ज्याला चमत्कार सिद्ध करायचा आहे त्याचं अडतं.

मला खरं कोडं पडतं ते रमाबाईंचं. कोलकात्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलेली ही बाई पुढे हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत होती. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, निघालं. एकेका शब्दाला तोलणाऱ्या या बाईने पोरींच्या न कळणाऱ्या बोलण्यावर पांघरूण घातलं नाही, त्यांना गप्पही केलं नाही. रमाबाईंना स्वतःला हे दान मिळालं नव्हतं आणि ते सगळ्यांनाच मिळायला हवं असंही त्या म्हणाल्या नाहीत. टीका झाली तेव्हा त्या मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि मुलींची वागणूक बदलते का, हे पाहत राहिल्या.

दुसरं उत्तर, दानं बंद झाल्याचं, ऑस्ट्रेलियाहून आलं. तिथल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टच्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारामतीत काम सुरू केलं. पुढे दौंड, श्रीगोंदा, इंदापूर हा त्यांचा पट्टा झाला. पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा, दर रविवारी प्रभुभोजन, आणि जिथे शास्त्र बोलतं तिथे बोलायचं, ते गप्प तिथे गप्प राहायचं, हा त्यांचा बाणा. या परंपरेचा अमेरिकेतला शिल्पकार अलेक्झांडर कॅम्पबेल मानायचा की पवित्र आत्मा माणसाला वळवतो तो वचनातून. अंग थरथरायची गरज नाही. अद्भुत दानं प्रेषितांच्या हातांनी मिळाली, नवा करार पुरा झाला, काम झालं. प्रिन्स्टनचा धर्मशास्त्रज्ञ वॉरफील्ड याने १९१८ मध्ये दुसऱ्या वाटेने साधारण हेच मांडलं. गंमत अशी की याच परंपरेचा दुसरा मूळपुरुष बार्टन स्टोन १८०१ च्या केन रिज सभेचा यजमान होता. केंटकीतल्या त्या सभेत माणसं धडाधड जमिनीवर पडत होती, झटके देत होती. शांत, पुस्तकी मंडळीच्या आजोळीही अंगात आलेलं आहेच.

‘अंगात येणं’ हा शब्द मुद्दाम वापरला. इथल्या माणसाने केडगावच्या मुलीला थरथरताना पाहिलं असतं, तर वेल्स किंवा यरुशलेम त्याला आठवलं नसतं. जत्रेत ज्या बाईच्या अंगात येतं ती आठवली असती. दोन्हींत फरक आहेत, मोठे आहेत. पण शरीर तेच आहे, आणि दुष्काळातून आलेल्या, ज्यांचं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं अशा मुलींना त्या क्षणी सगळं घर ऐकत होतं, हेही तेच आहे. चालू-बंदच्या वादात हा भाग निसटतो.

वचनाच्या बाजूनेही निकाल लागत नाही. भाषा बंद होतील, असं पौलाच्या त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे. पण पूर्णत्व येईल तेव्हा. हे पूर्णत्व म्हणजे पुरा झालेला नवा करार की ख्रिस्ताचं पुनरागमन, यावर सगळं ठरतं, आणि माझ्या मते दुसरा अर्थ सरळ आहे. चौथ्या शतकातला धर्मगुरू ख्रिसोस्टम या अध्यायांवर बोलताना म्हणतो की आता असं घडत नाही म्हणून हा भाग कळायला अवघड. ऑगस्टिनही आधी तसंच मानायचा. उतारवयात मात्र ‘देवाचं नगर’ या ग्रंथात आपल्याच हिप्पो गावातले चमत्कार तो पानंच्या पानं सांगतो.

अन्यभाषेने कुणाचं नुकसान होत नाही. रोगमुक्तीचा दावा वेगळा. प्रार्थनेनंतर गोळ्या बंद करणारा मधुमेही दोन्ही मंडळ्यांच्या पाळकांना घाबरवतो, घाबरवायलाच हवं. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा दानं चालू की बंद हे विचारत नाही. चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळले का, फसवलं का, साप चावलेल्याला उपचारापासून अडवलं का, एवढं तो पाहतो. देवळातली, दर्ग्यातली, चर्चमधली उपासना त्याने मोकळी ठेवली आहे. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगण्यालाही त्याची हरकत नाही. म्हणजे ज्ञानेश्वरांचा वेद बोलणारा रेडा आणि केडगावची बादली दोन्ही सुरक्षित आहेत. इंदापुरात उद्या कुणी पांगळ्याला चालवण्याचा खोटा दावा करून पैसे घेतले, तर त्याला पोलीस ठाण्यात उत्तर द्यावं लागेल.