लाचखोराची पेन्शन आणि आपली साक्ष

दाखल्यासाठी, नोंदीसाठी साहेबाच्या हातावर पैसे ठेवणारा चाकणचा कामगार स्वतः निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या पदरी काय पडते? ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 साली महिना 1000 रुपये ठरली. मग लाच खाणाऱ्याने जन्मभर पूर्ण पेन्शन घ्यावी काय?

पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली सांगितले. म्हणून ती कुणाच्या लहरीने नव्हे, कायद्यानेच काढता येते. तसा कायदा आहे. गुन्हा सिद्ध होऊन राज्य कर्मचारी बडतर्फ झाला, तर त्याची मागची सेवाच जप्त होते. तो आधीच निवृत्त झाला असेल, तर 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम 27 प्रमाणे सरकार त्याची पेन्शन पूर्ण वा अंशतः रोखू शकते. खटला संपेपर्यंत तात्पुरती पेन्शन मिळते. ग्रॅच्युइटी मात्र अडकते.

आपल्या भागातलेच पाहा. ऑगस्ट 2021 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पिंपरी-चिंचवड महापालिकेत स्थायी समितीच्या अध्यक्षांसह चार कर्मचाऱ्यांना अटक केली. पण अटक म्हणजे शिक्षा नव्हे. शिक्षा पुराव्यावर ठरते, आणि तक्रारदारच कोर्टात फिरला तर खटला लुळा पडतो.

बांधवांनो, भगिनींनो, न दिलेले घेऊ नये, हे आपले दुसरे शील. लाच मागितली तर 1064 वर कळवा. सक्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार करा. 2018 च्या दुरुस्तीने अशा तक्रारदाराला संरक्षण दिले आहे. आणि साक्षीच्या तारखेला एक खाडा पडला तरी हजर राहा. जयभीम!