पडौकची पटवापटवी

आफ्रिकन पडौक ओळखायला काय लागते? करवत फिरली की शेंदरी भुसा उडतो, हात रंगतात, झाले. ही समजूत अगदीच चुकीची नाही. नायजेरिया-कॅमेरूनपासून काँगोपर्यंतच्या पावसाळी जंगलातल्या या झाडाला, म्हणजे टेरोकार्पस सोयॉक्सीला, युरोपने आधी फळीसाठी नव्हे, रंगासाठीच हाताशी धरले. काँगोच्या खोऱ्यात अशा लाल लाकडांची पूड अंगाला आणि कोरीव मूर्तींना चोळत. इंग्रज रंगारी तेच लाकूड ‘बारवुड’ म्हणून विकत घेत. हा रंग पाण्यात जेमतेम उतरतो, स्पिरिटमध्ये मात्र भराभर. (पॉलिशचा बोळा पडौकवरून शेजारच्या फिकट लाकडावर गेला की लाल ओघळ उठतात, ते यामुळेच.)

पण रंगाचा भरवसा तेवढ्यापुरताच. उजेड लागत गेला की शेंदरी गाभा तपकिरी होतो, पुढे जांभळट काळपट. जुन्या टेबलाशेजारी ताजी फळी ठेवली तर दोन्ही एकाच जातीची आहेत हे शपथेवर सांगूनही कुणी मानणार नाही.

रंगापेक्षा खात्रीची खूण पाण्यात सापडली, तीही भलत्याच मार्गाने. 1565 मध्ये सेव्हिलच्या निकोलास मोनार्देस या वैद्याने मूत्रविकारांवरच्या एका मेक्सिकन लाकडाची नोंद केली. त्याचे तुकडे पाण्यात टाकले की पाणी निळसर दिसे. 1664 मध्ये रॉबर्ट बॉइलने दाखवले की आम्ल घातले की ही निळाई जाते आणि अल्कली घातली की परत येते. अशा चमकेला ‘फ्लोरेसन्स’ हे नाव मिळाले 1852 मध्ये, जॉर्ज स्टोक्सकडून. औषधी म्हणून विकली जाणारी लाकडे मुळात दोन होती, एक मेक्सिकोचे आणि दुसरे फिलिपिन्सचे, हा गुंता 1915 मध्ये सुटला. फिलिपिन्सचे लाकूड टेरोकार्पस कुळातलेच. आपल्याकडे मधुमेहावर म्हणून बिबळ्याचे पेले विकतात. त्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यावर उन्हात जी निळी झाक दिसते, ती याच घराण्याची. पडौकच्या ढलप्याही पाण्यात हेच करतात. औषधाचे काय ते वैद्य जाणोत. लाकूड पारखणाऱ्याला ही झाक पुरते.

विसाव्या शतकात पारख भिंगाखाली आली. 1931 मध्ये लाकूडशरीरशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, 1938 मध्ये क्लार्क या इंग्रज संशोधकाने कडेला भोके पाडलेल्या कार्डांची युक्ती काढली आणि 1989 मध्ये संघटनेने रुंदपर्णी लाकडांच्या सूक्ष्म लक्षणांची 163 कलमी यादी ठरवली. पडौकसाठी यातली मोजकीच लक्षणे लागतात. आडव्या छेदावर धारदार ब्लेडने एक पातळ काप काढावा, जागा ओली करावी आणि दहापटीचे भिंग लावावे. विरळ, मोठी, नुसत्या डोळ्यांनाही दिसणारी छिद्रे आणि त्यांना जोडत जाणाऱ्या फिकट, नागमोडी पट्ट्या. मग फळीची रुंद बाजू उजेडात तिरपी धरावी: ओल्या वाळूवर लाटेने सोडाव्यात तशा बारीक आडव्या रेघा दिसतात. घाईत रंधा मारलेल्या फळीवर त्या हमखास निसटतात. शिसवातही त्या असतात, म्हणून निळ्या पाण्याची चाचणी सोबत हवीच.

एवढे करूनही लाकडाचे कूळ कळते, जात खात्रीने कळत नाही. आणि नेमके जातीवरच पैसे ठरू लागले. चीनने 2000 मध्ये ‘होंगमू’ फर्निचरच्या लाकडांचे मानक ठरवले. त्यात सर्वांत वरचा मान एकट्या आपल्या रक्तचंदनाला. त्याखालच्या टेरोकार्पस गटासाठी घनता घनसेंटिमीटरला 0.76 ग्रॅमच्या वर हवी. सोयॉक्सी पाऊण ग्रॅमच्या आसपास, म्हणून यादीबाहेर. पश्चिम आफ्रिकेच्या सव्हानातला त्याचा जड भाऊ, टेरोकार्पस एरिनेशियस ऊर्फ ‘कोसो’, यादीत बसला आणि सेनेगलपासून नायजेरियापर्यंत कुऱ्हाडीखाली आला. एका दशांश आकड्याने एवढी उलथापालथ केलेली मला दुसऱ्या कुठल्या लाकडाच्या व्यापारात दिसत नाही.

कायदा मागून धावत आला. 2016 च्या जोहान्सबर्ग परिषदेत कोसो ‘साइट्स’ या धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, 2019 मध्ये त्याच कुळातला झांबिया-काँगोकडचा ‘मुकुला’. तेव्हा वाट मोकळी होती ती नाव बदलण्याची: कागदावर दुसरी जात लिहिली की भिंग घेऊन बसलेला कस्टम अधिकारी हतबल. अखेर नोव्हेंबर 2022 मध्ये पनामात आफ्रिकेतले अख्खे टेरोकार्पस कूळच त्या परिशिष्टात घातले गेले आणि सोयॉक्सीही त्यात आला. उशीर झाला, पण निर्णय योग्य होता. भिंगाला जे जमत नाही ते कायद्याने त्याच्याकडून मागणे सोडले.

तेव्हा आफ्रिकन पडौकचा ओंडका किंवा चिरलेली फळी घेणार असाल, तर लाली पाहून भुलू नका. आडवा छेद पाहा, ढलपी पाण्यात टाका आणि विक्रेत्याकडे निर्यातीचा साइट्स परवाना मागा.