हात्सुयोची दहा पत्रे

पहिल्या प्रेमाला जपानी भाषेत ‘हात्सुकोई’ असा सुंदर शब्द आहे. ते प्रेम तुटल्यावर अनेक वर्षांनी तीच व्यक्ती पुन्हा दारात उभी राहिली, तर काय घडते? १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे कादंबरीकार यासुनारी कावाबाता यांच्या आयुष्यात हे घडले. ही हकिकत बहुधा त्यांच्या बाजूने सांगितली जाते. आपण ती हात्सुयो इतो हिच्या बाजूनेही वाचली पाहिजे.

हात्सुयोचा जन्म १९०६ चा. आईचे छत्र लवकर हरपले. वडील ईशान्येकडील इवाते प्रांतात शाळेत शिपाई होते. ही मुलगी टोकियोच्या होंगो भागातील एका कॅफेत काम करू लागली. विद्यापीठातील विद्यार्थी तेथे येत, त्यांत कावाबाताही होते. चौदाव्या वर्षापर्यंत आई, वडील, बहीण, आजी, आजोबा असे सर्व गमावलेला हा तरुण तिच्यात आपलेच पोरकेपण पाहत होता. पुढे तिला गिफू येथील एका बौद्ध मंदिरात, तेथील कुटुंबाच्या आश्रयाला पाठवण्यात आले. (मंदिरात कुटुंब कसे, असे आपल्याला वाटेल, पण १८७२ च्या सरकारी आदेशापासून जपानी भिक्खूंना विवाहाची मोकळीक आहे.) ऑक्टोबर १९२१ मध्ये गिफूत दोघांचा वाङ्‌निश्चय झाला. तो बावीस वर्षांचा, ती जेमतेम पंधरा. आजच्या दृष्टीने ती बालिकाच, आणि तिचे भवितव्य वडीलधारी माणसे ठरवीत होती. वडिलांची संमती मिळाली. महिन्याभरात मात्र तिचे पत्र आले: काही विपरीत घडले आहे, ते सांगता येत नाही, विवाह होणे नाही.

न सांगता येणारे कारण आपल्या समाजाला अनोळखी नाही. हात्सुयोचे कारण जातीचे नव्हते. पण महाविद्यालयातील कितीतरी ओळखी ‘घरी चालणार नाही’ या तीन शब्दांवर संपल्या, आणि त्या शब्दांमागची जात कोणी उच्चारली नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटला, त्यामागची वेदना अशा माणसांना विशेष कळते. त्यांतील काही आज टोकियो-योकोहामात संसार करीत आहेत, आणि एखाद्या रात्री भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो जुना चेहरा अचानक दिसतो. म्हणून १९३२ ची भेट मला महत्त्वाची वाटते.

त्या वर्षी हात्सुयो स्वतःहून कावाबातांच्या उएनो येथील घरी आली. दरम्यान तिचा विवाह झाला होता, वैधव्य आले होते, ती आई झाली होती आणि पुन्हा संसारही मांडला होता. कावाबातांचा हिदेको यांच्याशी विवाह नोंदवून काही महिनेच लोटले होते. या भेटीने त्यांचा भ्रमनिरास झाला, असे चरित्रांतून सांगितले जाते. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. दहा वर्षे त्यांनी पंधरा वर्षांच्या मुलीला कथांमध्ये जपले. गिफूच्या नागारा नदीवरील पाणकावळ्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीच्या मशालींवरची ‘कागारिबी’ ही १९२४ ची कथा त्यांतलीच. दारात आलेली पंचविशीतील स्त्री त्या कथांत मावणारी नव्हती. ‘अनिच्च’ आपण वंदनेच्या वेळी ऐकतो, पण जुन्या प्रेमाला त्यातून सूट देऊन टाकतो. परतलेल्या माणसाला आधी मधल्या वर्षांविषयी विचारावे, आणि घरच्या जोडीदारापासून ती भेट लपवू नये. एवढे केले तर जे उरेल ते प्रेम असो वा मैत्री, ते आजच्या दोन माणसांमधले असेल.

१९४० मध्ये कावाबातांनी ‘हाहा नो हात्सुकोई’, म्हणजे ‘आईचे पहिले प्रेम’, ही कथा लिहिली. तीत नायक आपल्या पहिल्या प्रेयसीच्या मुलीला घरी आणून वाढवतो. हात्सुयो १९५१ मध्ये वारली. २०१४ मध्ये तिची दहा पत्रे उजेडात आली. त्यांच्यासोबत कावाबातांनी तिला लिहिलेले, पण टपालात न टाकलेले एक पत्रही होते.