आरशातले व्यंग

मंडळी, वर्गातली एखादी मुलगी सदा ओढणीने हनुवटी झाकून बसते, फोटोच्या दिवशी शाळाच बुडवते. आपण म्हणतो, नखरे आहेत झाले! पण गुरुजी, हे दुखणेही असू शकते, बरे का.

इटलीतील डॉक्टर एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ साली या विकाराला नाव दिले. नाकात, कातडीत वा केसांत इतरांना जेमतेम दिसणारे किंवा मुळीच न दिसणारे वैगुण्य रोग्याला भेसूर वाटते. मग तासन् तास आरसा, नाही तर आरशाचीच धास्ती. सुरुवात बहुधा वयात येताना होते, मुलग्यांनाही होते. "अगं, छान तर दिसतेस!" या बोलण्याने घटकाभर बरे वाटते, की पुन्हा तोच प्रश्न. शस्त्रक्रियेने नाक बदलले तरी बहुधा समाधान होत नाही. कधी मन दुसराच अवयव धरून बसते.

उपाय मनावर करायचा. मानसोपचारतज्ज्ञ पायरीपायरीने सवय लावतात : हनुवटी उघडी ठेवून बाजारात जायचे, आरशाची ओढ आवरायची. मेंदूतील सिरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचाही गुण येतो, पण कधी १२ आठवडे लागतात. महिन्याभरात कंटाळून त्या सोडू नयेत.

या विकारात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार पुष्कळांना येतात. मूल तसे बोलले तर ती थट्टा समजू नका, त्याला एकटे सोडू नका. सरकारची 'टेली-मानस' सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, फुकट बोलता येते.