भुरीला पाऊस लागत नाही

परतीचा पाऊस थांबला की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात दरवर्षी तेच ऐकू येतं: "पाऊस उघडला, बाग सुटली." दावण्या या द्राक्षावरच्या रोगापुरतं हे बरंचसं खरं आहे, आणि घोळ तिथेच होतो. दावण्या आणि भुरी हा दुसरा रोग, दोन्ही पांढऱ्या दिसतात, दोन्हींना बुरशी म्हटलं जातं, म्हणून एकीचा नियम सर्रास दुसरीला लावतात. खरं तर दावण्या काटेकोर अर्थाने बुरशीच नव्हे, तिचं नातं शेवाळाशी जवळचं. तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत पानाच्या पाठीवरच्या रंध्रांपर्यंत जातात. पान कोरडं असेल तर ते आत शिरूच शकत नाहीत. भुरी मात्र खरी बुरशी. तिच्या बीजाणूला रुजायला थेंबभर पाणीही नको. उलट जोराचा पाऊस त्याला धुऊन नेतो. तिला मानवते ती दमट, सौम्य हवा आणि दाट पानोळ्याची सावली.

आता दिवस मोजा. ऑक्टोबरात फळछाटणी, नोव्हेंबरात फुलोरा. फुलोऱ्यापासून पुढचे तीन-चार आठवडे कोवळा मणी भुरीला सर्वाधिक बळी पडतो. म्हणजे पाऊस संपल्यावर फवारणीचा पंप कोपऱ्यात जातो, नेमकी तेव्हाच तिची वेळ असते! यावर हटकून प्रश्न येतो: भुरी ढगाळ हवेतच वाढते, मग पावसाशी संबंध कसा नाही? ढग आणि पाऊस जोडीने येतात, पण भुरीला उपयोगी पडतो तो मंद उजेड आणि दमटपणा. कडक ऊन तिचे बीजाणू मारतं. म्हणून बगलफुटी काढून घडापर्यंत ऊन-वारा पोचवणं हाही उपचारच आहे. "दोन्हींची औषधं एकत्र मारली की झालं" हा सल्लाही बरा नव्हे. दावण्यावरचं मेटॅलॅक्सिल भुरीवर चालत नाही, भुरीवरचं गंधक दावण्या रोखत नाही. नको तेव्हा मारलेल्या औषधाने खर्च वाढतो, रोग त्या औषधाला सरावतो आणि निर्यातीच्या मालात त्याचे अंश सापडण्याचा धोका राहतो. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामान पाहून रोगनिहाय सल्ला देतं, ते याचसाठी.

पिकांच्या रोगांबद्दल असेच आणखी काही गैरसमज आहेत. आलेला डाग बोर्डो मिश्रणाने बरा होत नाही; 1885 साली वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने फ्रान्समध्ये ते मांडलं तेव्हापासून ते पानावर राहून संसर्ग अडवणारं औषध आहे. डोस दुप्पट केल्याने रोग दुप्पट वेगाने जात नाही, कोवळी पानं मात्र करपतात. आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत प्लॅस्टिक अंथरलं म्हणून राखाडी कूज टळत नाही. फळ मातीपासून वाचतं, बीजाणू हवेतून येतात.