थंड हवेच्या राजधानीतला बाजार

डिसेंबर उजाडला की शिरूर तालुक्यातील पाबळ आणि त्याच्या आसपासच्या गावांमधील शाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. एस.टी.ची सवलतीची गाडी ठरवावयाची, पालकांची संमतिपत्रे गोळा करावयाची, वर्गणीचा हिशेब मांडावयाचा, ही सारी कामे शिक्षकांच्या माथी येतात. स्थळ कोणते, या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा ठरलेले असते : रायगड, नाहीतर महाबळेश्वर. कमी पावसाच्या, उघड्याबोडक्या माळांच्या मुलखातील मुलांना साडेचार हजार फुटांवरचे धुके आणि गर्द रान दाखवावे, यात वावगे काहीच नाही. गाडी पहाटे निघते, पुणे मागे टाकते, वाईवरून पसरणीचा घाट चढते. आणि रात्री परतताना जवळजवळ प्रत्येक मुलाच्या हाती काही ना काही असते. कुणाकडे वेताची परडी, कुणाकडे चामड्याच्या चपला, कुणाकडे आजोबांसाठी घेतलेली लाकडी काठी. महाबळेश्वरची आठवण म्हणून घरी येणाऱ्या या वस्तूंचा इतिहास सहलीच्या टिपणवहीत मात्र कधी उतरत नाही.

महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण आहे, एवढे पाठ्यपुस्तकात असते. ते एका अफाट इलाख्याची उन्हाळी राजधानी होते, ही गोष्ट त्या मानाने कमी जणांच्या ध्यानात राहिली आहे. एके काळी सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्याचा कारभार वर्षातून तीन ठिकाणी फिरत असे. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे आणि उन्हाळ्यात महाबळेश्वर. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये येथे आरोग्यस्थान उभारण्याचा उपक्रम केला. ही जागा साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यातली. तेव्हा १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन, वाईजवळच्या खंडाळा या गावाच्या बदल्यात ती कंपनी सरकारने आपल्याकडे घेतली. पेठेला गव्हर्नरचेच नाव मिळाले आणि ती माल्कम पेठ झाली. आज मुंबई, पुणे आणि नागपूर यांच्या जोडीला राज्यपालांचे चौथे निवासस्थान महाबळेश्वरात आहे, त्याचे मूळ या जुन्या रिवाजात आहे.

राजधानी म्हटली की ती एकट्या गव्हर्नरची नसते. साहेबाबरोबर दप्तर चढले, दप्तराबरोबर कारकून चढले, आणि कारकुनांच्या मागोमाग वाणी, शिंपी, धोबी, चर्मकार व भिस्ती घाट चढून आले. तीन महिन्यांचा संसार डोंगरावर थाटायचा तर पलंग हवा, खुर्ची हवी, टोपली हवी, ओल्या वाटेवर टिकेल असे पादत्राण हवे आणि चढणीला आधाराची काठी हवी. महाबळेश्वरच्या बाजारातील आजच्या ‘स्थानिक कलाकुसरी’चा उगम या साध्या गरजांत आहे. हौसेचा भाग नंतरचा.

कैद्यांची देणगी

या कलाकुसरीतला सर्वांत चमत्कारिक भाग वेतकामाचा. १८३४ मध्ये महाबळेश्वरला एक तुरुंग बांधण्यात आला, आणि ब्रिटिशांच्या पूर्वेकडील वसाहतींतून हद्दपारीची शिक्षा झालेले चिनी व मलायी कैदी त्यात आणून ठेवले गेले. इथल्या माणसांना अंदमानात पाठवावयाचे आणि तिकडच्या माणसांना सह्याद्रीत आणावयाचे, असा तो साम्राज्याचा हिशेब! या कैद्यांना फारसे कोंडून ठेवीत नसत. त्यांनी रस्त्यांवर घाम गाळला, बटाटा आणि विलायती भाज्या यांचे मळे पिकवले. वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणण्याची कला इथल्या लोकांनी त्यांच्यापासूनच उचलली, असे मानले जाते. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. त्यांच्या मळ्यांच्या शेजारी कोसळणाऱ्या धबधब्याला ‘चायनामन’ हे नाव चिकटले, ते अद्याप आहे. पावसाळ्यात हा धबधबा पाहावयास हजारो लोक जातात, छायाचित्रे काढतात. परंतु हा चिनी माणूस कोण, कुठला, तो या डोंगरावर कसा आला, याची चौकशी करणारा विरळा.

साहेबांची नावे मात्र चांगली टिकली. लॉडविक, विल्सन, बॅबिंग्टन, एल्फिन्स्टन अशी पॉइंटांची यादी टॅक्सीवाल्यांना तोंडपाठ असते. आर्थर सीटचे नाव आर्थर मॅलेट या अधिकाऱ्यावरून पडले. त्याची बायको व मुले सावित्री नदीत बुडून गेली आणि तो या कड्यावर येऊन नदीकडे पाहत बसे, ही हकीगत वाटाडे आजही हळव्या आवाजात सांगतात. सांगू नये असे नाही. पण तीस वर्षे या डोंगरावर राबलेल्या शेकडो हातांपैकी एकाचेही नाव एकाही कड्याला नाही. ज्याच्या घामाने बाजार उभा राहिला तो निनावी राहिला, आणि ज्याने नुसते कड्यावर बसून खाली पाहिले त्याच्या नावाची पाटी लागली.

प्रेक्षणीय स्थळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट खटकते. क्षेत्र महाबळेश्वरचे पंचगंगा मंदिर पाहिल्यावाचून सहल पुरी होत नाही. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे पाणी तेथे एकत्र येते, अशी श्रद्धा आहे. तिथून हाकेच्या अंतरावर कृष्णाबाईचे काळ्या दगडातले जुने देऊळ आहे. शेवाळाने माखलेले, शांत. दगडी कामाचा इतका देखणा नमुना अख्ख्या महाबळेश्वरात दुसरा नसेल. पण ते गाडीच्या ठराविक फेरीत बसत नाही, म्हणून पुष्कळशा सहली दारावरून परततात. आणि वेण्णा तलावाला साहेबाचा तलाव समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तो १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधविला आहे.

खुर्चीपासून किल्लीच्या साखळीपर्यंत

बाजाराचे रूप का पालटले, याचे उत्तर गिऱ्हाइकाच्या मुक्कामात सापडते. राजधानीच्या काळचा गिऱ्हाईक तीन महिने राहत असे. बंगला भाड्याने घ्यावयाचा, तो सजवावयाचा, तर वेताच्या खुर्च्यांचा संच एकदम घ्यावा लागे. खुर्चीचा पाय डुगडुगला तर कारागिराला बोलावून दुरुस्त करून घेता येई. चप्पल पायाला लागली तर ती बनविणाऱ्यापुढे नेऊन ठेवता येई. त्यामुळे विकत घेणारा आणि करणारा यांची ओळख राही, आणि वाईट मालाची लाज करणाऱ्याला वाटे. राजधानी उठली, पुढे मुंबईच्या धनिकांचे लांबलचक मुक्कामही आटले. आता बहुसंख्य प्रवासी एक रात्र राहतात, आणि सहलीची मुले तर तेवढेही राहत नाहीत. जो एक रात्र राहतो तो खुर्ची नेत नाही. तो पिशवीत मावेल तेच नेतो. खुर्चीची परडी झाली, परडीची पेनदाणी झाली, आणि शेवटी ‘महाबळेश्वर’ असे रंगवलेली किल्लीची साखळी उरली. ती साखळी कुठल्याही गावाच्या नावाने रंगवता येते, आणि रंगवलीही जाते. तीच साखळी, तीच शिंपल्यांची बाहुली, तीच उत्तरेकडून गठ्ठ्यांनी येणारी शाल सिमल्याच्या मालरोडवर दिसते, उटीत दिसते, दार्जिलिंगला दिसते. इंग्रजांनी वसवलेल्या या साऱ्या उन्हाळी राजधान्यांचे बाजार आज एकमेकांच्या नकला झाले आहेत.

याचा दोष दुकानदाराला देऊन मोकळे होता येणार नाही. हाताने कोरलेल्या काठीला वेळ लागतो, आणि यंत्रावर घोटलेली काठी निम्म्या किमतीत शेजारी टांगलेली असते. सहलीतला विद्यार्थी खिशातल्या मोजक्या नोटा चाचपत असतो. पावसाळ्याचे चार महिने बाजार जवळजवळ मिटलेला असतो आणि कारागिराने उरलेल्या हंगामात वर्षाचे पोट भरावयाचे असते. त्यात लाकडाचा प्रश्न आहेच. १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि वृक्षतोडीवर कडक बंधने आली. रान राहिले पाहिजे, याबद्दल दुमत होऊ नये. रान गेले तर महाबळेश्वरच जाईल. पण ज्याच्या हाताला त्या रानातल्याच लाकडाची सवय आहे त्याने करावे काय, हा प्रश्न त्या बंधनाच्या पोटात आहे आणि त्याचा विचार वेगळा करावा लागेल.

खरोखर इथलेच असे जे आहे त्याची कथा अधिक आशादायक आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मधाच्या बाबतीत तर राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालयच येथे आहे आणि जवळचे मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. सातेरी मधमाशांच्या पेट्या घरोघरी ठेवणारी ही मंडळी मध कुठल्या फुलोऱ्याचा, ते सांगू शकतात. चपलांचेही तसेच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या मानांकनात कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर यांच्या जोडीला सातारा जिल्हाही आहे, आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. २०२५ च्या जून महिन्यात मिलान शहरात ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने त्याच घाटाची चप्पल आपल्या नावावर मांडली, मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही, तेव्हा महाराष्ट्रात गहजब उडाला आणि कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. तो संताप रास्तच होता. पण परदेशी कंपनीने नाव घेतले नाही म्हणून रागावणारे आपण, मेन रोडवरच्या दुकानात चप्पल पायात सरकवताना ‘ही कोणी शिवली?’ असे किती वेळा विचारतो? आपला पहिला प्रश्न ‘कितीला?’ आणि दुसरा ‘काही कमी करा’ हाच असतो.

खेड्यातल्या माणसाला हा निनावीपणा खरे म्हणजे परका आहे. पाबळसारख्या गावात सूप, कणगी, टोपली बुरुडाकडून येई, माठ कुंभाराकडून, नांगराचा फाळ लोहाराकडून. यांपैकी प्रत्येकाचे नाव आणि घर गावाला ठाऊक असे. फाळ वाकला तर जाब विचारावयाला वेशीपलीकडे जावे लागत नसे. त्या व्यवस्थेत जातीचा काच होता, बलुत्याच्या धान्यावर कारागिराचे भागत नसे, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ती मोडली हे बरेच झाले. मात्र तिच्याबरोबर हाताच्या कामाची किंमत ओळखणारी नजरही मोडली, तिचे काय?

ही नजर पुन्हा घडविण्याचा एक मोठा प्रयत्न योगायोगाने पाबळमध्येच झाला आहे. हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांच्या हाती वेल्डिंगचा दांडा, सुतारकीची हत्यारे आणि मातीपरीक्षणाच्या नळ्या देऊन ‘करीत शिकावे’ हा त्यांचा आग्रह होता. तेथील घुमटाकार घरे मुलांनी आपल्या हातांनी उभारली. २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने तेथे फॅब लॅब निघाली. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. काम चालू आहे. स्वतः लोखंड कापून फाटक तयार केलेल्या मुलाला एका सांध्यामागे किती वेळ जातो, हे सांगावे लागत नाही. असा मुलगा महाबळेश्वरच्या बाजारात उभा राहिला तर काठी उलटीपालटी करून तासणीची खूण शोधील, परडीच्या बुडाची वीण पाहील. सहलीचे वेळापत्रक आखणाऱ्या शिक्षकांनी एका पॉइंटाला कात्री लावून तासभर एखाद्या कारागिराच्या ओसरीवर किंवा मधपेट्यांपाशी घालवला, तर भूगोल, इतिहास आणि हिशेब या तिन्ही विषयांचा तास एकदम होईल. खर्च वाढणार नाही. टॅक्सीचे पैसे वाचलेच तर वाचतील.

पाबळमध्येही पाहुणे येतात. पहिल्या बाजीरावाने पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे मस्तानीला इनाम दिली होती. १७४० च्या २८ एप्रिलला रावेरखेडी येथे पेशव्याचे देहावसान झाले आणि त्याच्या मागोमाग मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. कोणी तिला समाधी म्हणतात, कोणी मजार. २०१५ मध्ये तिच्यावरचा हिंदी चित्रपट झळकला तेव्हा या वास्तूचे नाव पुष्कळांच्या कानी गेले. येणारे हात जोडतात, क्षणभर रेंगाळतात आणि पुढे जातात. येथे डोंगर नाही, धुके नाही आणि साखळ्यांचे दुकानही नाही.

सहलीची गाडी वेशीत शिरते तेव्हा गाव निजलेले असते. पेंगुळलेली मुले परड्या, चपला, काठ्या सांभाळीत उतरतात. सकाळी आजोबा ती काठी हातात घेतात, जमिनीवर टेकवून उंची पाहतात, मूठ चाचपतात, गाठ कुठे आहे ते अंगठ्याने शोधतात. लाकूड कशाचे, केली कोणी, असे विचारतात. नातवाला किंमत तेवढी आठवत असते.